मेंढरांमागे गेलेला माणूस : जॉन म्यूर

ज्येष्ठ लागला की आमच्या गावाकडची सारी माणसे आभाळाकडे बघू लागतात. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले मेंढरांचे वाडे तोवर घाट चढून परत आलेले असतात. माझे आजोबा अशाच एका वाड्यातले. ढग कोणत्या अंगाने उठला, वारा केव्हा पडला, मेंढरे रात्री अंगाला अंग लावून का बसली, यावरून ते पावसाचा होरा सांगतात. त्यांना अक्षरओळख नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. गेल्या वर्षी इंग्रजीच्या सरांनी ग्रंथालयातले एक जुने पुस्तक माझ्या हाती ठेवले आणि हे तुझ्या घरचेच आहे, असे सांगितले, तेव्हा मला नवल वाटले. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा नावाच्या पर्वतात एका उन्हाळ्यात मेंढरांमागे हिंडलेल्या माणसाची ती रोजनिशी होती. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती दोन महिन्यांत वाचली. त्या माणसाचे नाव जॉन म्यूर.

राष्ट्रीय उद्यानांचा इतिहास सांगताना जगभर ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांत म्यूर अग्रभागी आहे. पण त्याची थोरवी गाण्यासाठीच हा लेख लिहीत नाही. त्याच्यावर माझा जीव जडला आणि त्याच्याशी माझे भांडणही झाले. दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवायच्या आहेत.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांतला तो तिसरा. बाप डॅनिएल म्यूर अतिशय कडवा धर्मनिष्ठ. मुलाने बायबल तोंडपाठ करावे म्हणून तो छडी घेऊन बसे. अकरा वर्षांचा होईपर्यंत जॉनला नवा करार संपूर्ण आणि जुना करार बहुतेक मुखोद्गत झाला होता. १८४९ साली हे कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन प्रांतात गेले आणि तिथल्या रानात जमीन फोडून शेती करू लागले. शाळा सुटली. बारा वर्षांचे पोर नांगरामागे उभे राहिले.

त्या शेतावरची एक हकीकत वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या शेतावर विहीर खणायची होती. वरची माती गेली आणि खाली कातळ लागला. बापाने जॉनला बादलीत बसवून खाली सोडायचे, त्याने दिवसभर छिन्नी-हातोड्याने दगड फोडायचा आणि संध्याकाळी वर यायचे, असे महिनोन् महिने चालले. सुमारे ८० फुटांवर एके सकाळी तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो गुदमरला. कसाबसा बादलीत चढला म्हणून वाचला. एक-दोन दिवस विश्रांती मिळाली आणि पुन्हा त्याच विहिरीत उतरावे लागले. ९० फुटांवर पाणी लागले. आमच्याकडेही विहिरी अशाच खणल्या गेल्या आहेत. त्यांत कोण उतरले होते, याची नोंद मात्र कुठे नसते.

रात्री वाचत बसायला बापाची मनाई होती. पण पहाटे लवकर उठून वाचायची सवलत त्याने एकदा बोलून दिली. झाले! जॉन रात्री एक वाजता उठू लागला. थंडीच्या दिवसांत तळघरात बसून त्याने लाकडाची घड्याळे घडवली. ठरल्या वेळी पाय खाली करून झोपलेल्या माणसाला उभे करणारा पलंग त्याने बनवला. १८६० साली ही यंत्रे घेऊन तो मॅडिसन शहरातल्या प्रदर्शनात गेला, तेव्हा खेडवळ पोराच्या हातचे काम बघायला लोकांची रीघ लागली. त्यातूनच विस्कॉन्सिन विद्यापीठाचा दरवाजा त्याला उघडला.

माझ्या मित्रमैत्रिणींनी हा भाग जरूर वाचावा. आठवड्याचा जेवणखर्च त्याने अर्ध्या डॉलरपर्यंत खाली आणला होता. सुटीत दुसऱ्यांच्या शेतात कापणी करून तो फीचे पैसे जमवी. ठरावीक वेळाने एक पुस्तक मागे घेऊन दुसरे पुढे सरकवणारे अभ्यासाचे मेज त्याने तयार केले. ते आजही विस्कॉन्सिनमध्ये जपून ठेवले आहे. एका वर्गमित्राने वसतिगृहाबाहेरच्या झाडाचे फूल तोडून, हे झाड आणि वाटाण्याचा वेल एकाच कुळातले कसे, ते त्याला समजावून दिले. त्या एका तासाने तो वनस्पतिशास्त्राचा झाला. मात्र पदवी न घेताच १८६३ साली त्याने विद्यापीठ सोडले.

पुढची काही वर्षे तो कॅनडात आणि मग इंडियानापोलिसमध्ये कारखान्यांत राबला. यंत्रांत त्याचा हात असा बसला होता की तो श्रीमंत कारखानदारच व्हायचा. पण मार्च १८६७ मध्ये पट्टा सैल करताना हातातली कानस निसटून उजव्या डोळ्यात घुसली. तो डोळा गेला असे वाटले. पाठोपाठ दुसऱ्या डोळ्याचेही दिसेनासे झाले. अंधाऱ्या खोलीत कित्येक आठवडे पडून राहिल्यावर हळूहळू दृष्टी परतली. त्या अंधारात त्याने निश्चय केला, की उरलेले आयुष्य यंत्रांना द्यायचे नाही, देवाने घडवलेली सृष्टी बघण्यात घालवायचे. सप्टेंबरमध्ये तो केंटकीहून पायी निघाला आणि सुमारे हजार मैल चालून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला पोचला. तिथे हिवतापाने त्याला आडवे पाडले. बरा झाल्यावर क्यूबा, न्यूयॉर्क, पनामा अशी मजल मारत मार्च १८६८ मध्ये तो कॅलिफोर्नियात उतरला.

आता त्या मुलखाच्या हवेविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे उमगणार नाही. आपल्याकडे आणि तिकडे ऋतूंचे गणित अगदी उलटे आहे. आपला पाऊस ज्येष्ठात सुरू होतो. कॅलिफोर्नियाचा तोवर संपलेला असतो. तिथला पाऊस हिवाळ्यातला. पॅसिफिक महासागरावरून येणारी वादळे सिएरा नेवाडाच्या सुमारे ४०० मैल लांबीच्या भिंतीला थडकतात आणि उंचावर त्यांचे बर्फ होते. उन्हाळ्यात महासागरावर जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसते आणि वादळांना उत्तरेकडे वळवते. त्यामुळे मे संपता संपता पायथ्याच्या टेकड्यांवरचे गवत वाळून पिवळे पडते. वर मात्र त्याच वेळी वसंत सुरू होत असतो. दर हजार फुटांना हवा साधारण २ अंश सेल्सिअसने थंड होते, म्हणून वसंत एकदम येत नाही. तो बर्फाची कड मागे सारत पायरीपायरीने डोंगर चढतो. मेंढपाळही त्याच्या मागोमाग चढतात. आमचे वाडे पावसाच्या हिशेबाने घाट चढतात-उतरतात. तिकडचे कळप बर्फाच्या हिशेबाने. दोघांची पोथी एकच, चाऱ्याची.

३ जून १८६९ रोजी डेलानी नावाच्या मालकाची २,०५० मेंढरे घेऊन जॉन निघाला. तो तेव्हा ३१ वर्षांचा होता. मेंढरे राखायला बिली नावाचा धनगर होता. जॉनने फक्त देखरेख करायची आणि उरलेल्या वेळात झाडेपाने, दगडधोंडे बघायचे, असा करार होता. सोबतीला उसना मागून आणलेला कार्लो नावाचा थोराड कुत्रा. पायथ्याच्या वाटेवर धूळ आणि रखरख. पोटे रिकामी, मेंढरे हैराण. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मर्सेड नदीच्या उत्तरेकडील फाट्यावर पाइनच्या सावलीत पहिला मोठा तळ पडला आणि तिथून जॉनचा उन्हाळा खऱ्या अर्थाने सुरू झाला.

तो रोजच्या हवेची नोंद ठेवी. सकाळ काचेसारखी निर्मळ. दहा-अकराच्या सुमारास शिखरांमागून पांढरे ढग डोकावू लागत आणि मध्यान्हीला त्यांचे डोंगरच्या डोंगर उभे राहत. ऊन उतारांवर पडून हवा तापते, वर चढते आणि उंचावर गेल्यावर तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. हे आज आपण भूगोलात शिकतो. जॉन नुसते ढग आले एवढेच लिहून थांबत नसे. आभाळाचा कितवा हिस्सा ढगांनी व्यापला, तेही तो दशांशात टिपून ठेवी. कधी चार थेंब पडत, जुलै लागल्यावर कधी गडगडाटासह सर कोसळे, गारा पडत. तासाभरात सारे आवरे आणि संध्याकाळ पुन्हा स्वच्छ. पावसाच्या एकेका थेंबाचे पुढे काय होते, कुठला पानावर, कुठला फुलात, कुठला बर्फावर, कुठला धबधब्यात जातो, यावर तो पानेच्या पाने लिहितो. आभाळाकडे असे टक लावून बघणारा माणूस मी पुस्तकात पहिल्यांदा पाहिला. घरात मात्र रोज पाहत आले आहे.

या उन्हाळ्यात सारे काही मंगल नव्हते. जुलैच्या आरंभी पीठ संपले आणि मालक शिधा घेऊन येईना. कित्येक दिवस नुसते मटण आणि चहा. माणसांची पोटे बिघडली, जीव कासावीस झाला. अन्नाच्या गाठोड्यापासून माणूस फार दूर जाऊ शकत नाही, याची जॉनला खंत वाटली. आम्हांला त्यात काही नवे नाही.

बिलीचे वर्णन वाचून मात्र मी हसले आणि नंतर खट्टूही झाले. त्याच्या विजारीवर तेलकटाचे एवढे थर चढले होते, की पाइनच्या सुया, साली, पाखरांची पिसे, कीटकांचे पंख, सारे तिला चिकटून बसे. ती विजार झिजण्याऐवजी दिवसेंदिवस जाड होत चालली होती! योसेमिटीची दरी जेमतेम मैलभर अंतरावर होती. मेंढरे मी राखतो, तू एकदा बघून ये, अशी जॉनने त्याची मनधरणी केली. पण बिली तयार होईना. दगडांनी भरलेला एक खड्डा, पडून मरायची जागा, त्यात बघायचे काय, असा त्याचा सवाल. जॉनला त्याची कीव आली. मला वाटते, बिलीचेही थोडे ऐकायला हवे होते. रात्री अस्वले येऊन मेंढरे उचलत. सकाळी मोजदाद चुकली तर मालकाला जाब देणारा तो होता. डोंगराचे सौंदर्य बघायला डोळे मोकळे असावे लागतात. बिलीचे डोळे मेंढरांत अडकलेले होते.

पुढे योसेमिटी ओढा ओलांडायची वेळ आली, तेव्हा मेंढरे पाण्यात पाय घालायला तयार होईनात. ओढून झाले, ढकलून झाले. शेवटी एक पाण्यात पडले आणि मग सगळी एकमेकांच्या अंगावरून अशी धावली, की जणू ओढा ओलांडणे हेच त्यांच्या जन्माचे ध्येय! हा प्रसंग मी आजोबांना मराठीत सांगितला, तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. मेंढरू सगळीकडचे सारखेच, म्हणाले.

१५ जुलैला जॉन योसेमिटी दरीच्या काठावर पोचला. दरीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० फूट उंचीवर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना हजारो फुटांचे सरळ तुटलेले कडे. योसेमिटी धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट कोसळतो. तो बर्फाच्या पाण्यावर जगतो. मे-जूनमध्ये त्याला उधाण असते आणि ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत बहुतेक वर्षी तो आटून जातो. उन्हाळ्याच्या आरंभी दुपारी शिखरांवर वितळलेले पाणी खाली पोचेपर्यंत रात्र होते, म्हणून अशा धबधब्यांचा जोर रात्री वाढतो. हे पाणी नेमके उडी कुठे घेते, ते जॉनला जवळून पाहायचे होते. तो कड्याच्या अगदी टोकाशी उतरला. तिथून खाली जेमतेम तीन इंच रुंदीची कपार होती. चक्कर येऊ नये म्हणून त्याने एका कडू वनस्पतीची पाने तोंडात धरली, कपारीवर टाचा टेकल्या आणि धबधब्याच्या मुखाशी किती तरी वेळ बसून राहिला. त्या रात्री मात्र आपण कड्यावरून पडतो आहोत, अशा स्वप्नांनी त्याची झोप उडवली.

ऑगस्टच्या आरंभी एक विलक्षण गोष्ट घडली. एका उंच घुमटाकृती खडकावर चित्र काढत बसला असताना, आपले विद्यापीठातले प्राध्यापक बटलर खाली दरीत आले आहेत, असे त्याला एकाएकी वाटले. निरोप नाही, पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी तो दरीत उतरला आणि शोधत गेला, तर बटलर सर खरोखरच तिथे! ज्या मुलाने पदवी घेतली नाही, त्याच्या मनात आपल्या शिक्षकाची एवढी ओढ शिल्लक होती. आमच्या प्राध्यापकांनी हे वाचून समाधान मानावे.

नंतर कळप आणखी वर, सुमारे ८,६०० फुटांवरच्या टुआलमीच्या कुरणात गेला. सप्टेंबरमध्ये थंडी कडक झाली आणि मंडळी परत फिरली. २२ सप्टेंबरला मेंढरे पुन्हा मोजून वाड्यात घातली. निघाली तेव्हा २,०५०, आली तेव्हा २,०२५. दहा अस्वलांनी मारली, एक सापाने, एकाचा पाय मोडला म्हणून मारावे लागले, एक बिथरून पळाले. तीन विकली आणि नऊ माणसांनी खाल्ली. निघताना हडकुळी होती, ती धष्टपुष्ट होऊन परतली. हा हिशेब ऐकून आजोबांनी मान डोलावली. एवढ्या डोंगरातून एवढ्या कमी तुटीने कळप आणणारा बिली कच्चा गडी नव्हे, असा त्यांनी निवाडा दिला.

त्यानंतर जॉन योसेमिटीतच राहिला. एका करवतीच्या गिरणीवर त्याने नोकरी धरली आणि धबधब्याजवळ झोपडी बांधून तिच्यातून एक लहानसा ओहळ खेळवला. ही दरी कशी झाली, हा प्रश्न त्याला छळत होता. राज्याचे भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांचे मत असे, की जमीन एकदम खचून ती तयार झाली. जॉनने खडकांवरचे ओरखडे, गुळगुळीत झालेले कातळ आणि जागोजाग साचलेला दगडगोटा पाहून सांगितले, की हिमनद्यांनी ती कोरली आहे. व्हिटनींनी त्याला अडाणी मेंढपाळ म्हणून हिणवले. जॉनने वाद घालत बसण्याऐवजी पुरावे जमवले. १८७१ मध्ये त्याने सिएरामध्ये जिवंत हिमनदी शोधली. १८७२ मध्ये मॅक्लूर हिमनदीवर खुंट्या रोवून ती दिवसाला सुमारे एक इंच सरकते, हे मोजून दाखवले. हिमनद्यांचा विस्तार त्याने जरा जास्तच धरला होता आणि नदीच्या कामाला कमी लेखले होते. पण मूळ मुद्द्यावर मेंढपाळ खरा ठरला. आज तिथल्या सर्वांत उंच शिखराला व्हिटनींचे नाव आहे, आणि त्या पर्वताकडे बघायला जगाला शिकवले ते म्यूरने.

१८८० मध्ये त्याने लुई स्ट्रेंट्झेल हिच्याशी लग्न केले. मार्टिनेझ येथे सासऱ्याच्या फळबागा त्याने काटकसरीने सांभाळल्या. वांडा आणि हेलन या दोन मुली झाल्या. बागेत पैसा मिळाला, पण प्रकृती आणि मन दोन्ही कोमेजली. १८८९ मध्ये रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन या संपादकाला घेऊन तो टुआलमीच्या कुरणात गेला आणि पाहतो तो काय, वीस वर्षांपूर्वीची फुले मेंढरांनी खरवडून नेली होती. मेंढरांना त्याने टोळांची उपमा दिलीच होती. आता त्याने लेखणी उचलली. १८९० मध्ये त्याचे दोन लेख सेंच्युरी मासिकात आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झाले. मूळ दरी आणि मारिपोसाचे महावृक्ष मात्र १८६४ पासून कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात होते. ते उद्यानाबाहेरच राहिले. १८९२ मध्ये सिएरा क्लब ही संस्था निघाली आणि जॉन शेवटपर्यंत तिचा अध्यक्ष राहिला.

मे १९०३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट योसेमिटीत आले. स्वागतसमारंभ आणि मेजवान्या बाजूला सारून त्यांनी तीन रात्री म्यूरबरोबर उघड्यावर काढल्या. पहिली रात्र महावृक्षांखाली. दुसरी ग्लेशियर पॉइंटजवळ. आपल्याकडे वैशाखाचा वणवा पेटलेला असतो त्या दिवसांत तिथे रात्री हिमवर्षाव झाला आणि सकाळी राष्ट्राध्यक्ष उठले ते पांघरुणावरचे बर्फ झटकत! कोणी दुसरा असता तर वैतागला असता. रूझवेल्ट खूश झाले. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या त्या बर्फाने जे काम केले, ते शंभर अर्जांनी झाले नसते. १९०५ मध्ये राज्याने दरी परत केली आणि १९०६ मध्ये ती उद्यानात आली. त्याच १९०३-०४ च्या जगप्रवासात म्यूर भारतातही येऊन हिमालय पाहून गेला.

शेवटची लढाई तो हरला. योसेमिटी उद्यानातच हेच हेची नावाची दुसरी सुंदर दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाण्यासाठी तिथे धरण हवे होते. १९०६ च्या भूकंपानंतर आणि आगीनंतर ही मागणी आणखी जोरात आली. म्यूर वर्षानुवर्षे लढला. १९ डिसेंबर १९१३ रोजी धरणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली. एका वर्षाने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, लॉस एंजेलिसच्या इस्पितळात न्यूमोनियाने म्यूरचे निधन झाले. धरण १९२३ मध्ये पुरे झाले आणि ती दरी पाण्याखाली गेली.

आता माझे भांडण. उद्यान झाल्यावर १८९१ पासून घोडेस्वार सैनिक पहाऱ्याला आले. कळप सापडला की ते मेंढपाळाला उद्यानाच्या एका टोकाला नेऊन सोडत आणि मेंढरे दुसऱ्या टोकाला. ज्याने हे वाचले असेल तो कदाचित सैनिकांच्या युक्तीचे कौतुक करील. मला झोप आली नाही. माझ्या वडिलांनाही रानाच्या हद्दीवर अडवून दंड झाला आहे. त्या दिवशी दोन कोकरे वाटेतच राहिली. आमचे निम्मे खांड विकले गेले, ते चराईला जागा उरली नाही म्हणून. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीत त्यांतल्या अकरा मेंढरांचे पैसे आहेत. म्यूर ज्या पगारावर तो उन्हाळा जगला, तो मेंढरांचाच होता. मग वर चढून झाल्यावर शिडी ओढून घ्यायची का?

आणि मेंढपाळांच्याही आधीची माणसे होतीच. योसेमिटी दरी अहवानीची लोकांची. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाच्या शस्त्रधारी तुकडीने त्यांना तिथून हाकलले. म्यूरने आपल्या पुस्तकात अशा आदिवासींविषयी तुच्छतेने लिहिले आहे. पुढे अलास्कात तिथल्या लोकांत राहिल्यावर त्याची दृष्टी बरीच निवळली. पण आधीचे लिखाण पुसले गेले नाही. २०२० मध्ये त्यानेच उभ्या केलेल्या सिएरा क्लबने या दोषाची उघड कबुली दिली. थोर माणसाचे दोष सांगितल्याने तो लहान होत नाही. लपवल्याने मात्र आपण लहान होतो.

हे सारे मी आजोबांपुढे मांडले. मला वाटले, ते माझी बाजू घेतील. ते बराच वेळ काठी चाचपत बसले. मग म्हणाले, की एक कळप एक उन्हाळा चरून गेला तर डोंगराचे काही बिघडत नाही. पण कळपामागे कळप, वर्षामागे वर्ष तीच जागा धरली, तर डोंगर मरतो, हे त्यांच्या बापालाही ठाऊक होते. म्हणून तर वाडा एका जागी राहत नाही. तो माणूस खोटे बोलला नाही; फक्त त्याने आम्हा लोकांना विचारले नाही.

मला वाटते, याहून नेमका अभिप्राय मला कुठल्या ग्रंथात मिळाला नसता. म्यूरने डोंगराच्या बाजूने साक्ष दिली आणि ती खरी होती. त्याने राखले नसते तर आज ते कुरण, ते महावृक्ष, ज्येष्ठातले ते धबधबे उरले असते की नाही, कोण जाणे. आता संकट मेंढरांचे नाही, तापलेल्या हवेचे आहे. योसेमिटीतली लायल हिमनदी सरकेनाशी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. बर्फ कमी झाले की धबधबे लवकर आटतात, कुरणे लवकर वाळतात. अशा वेळी डोंगराच्या बाजूने बोलणारा माणूस पुन्हा लागेल. फक्त या वेळी त्याने बिलीला आणि माझ्या आजोबांनाही विचारावे. त्यांना विचारायचे आणि लिहून काढायचे काम आपल्यातल्याच कुणाला तरी करावे लागेल, कारण त्यांना लिहिता येत नाही आणि आपल्याला आता येते.

पुस्तक ग्रंथालयात परत दिले आहे. शेवटच्या पानावर मी पेन्सिलीने फक्त हिशेब मांडून ठेवला आहे : २,०५० गेली, २,०२५ आली. सरांनी तेवढा खोडू नये, ही विनंती.

— द्वितीय वर्ष कला